रस्ता नक्की कोणाचा?

रस्ता कुठूनही ओलांडणाऱ्याला दंड करावा का, हा विषय निघाला की "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो" हे वाक्य ठरलेलं. पाठोपाठ दाखला अमेरिकेचा. म्हणून मला त्या दाखल्याचाच इतिहास सांगावासा वाटतो.

मोटारी येण्यापूर्वी अमेरिकेतल्या शहरांचे रस्ते सगळ्यांचे होते. घोडागाड्या, ट्राम, फेरीवाले, खेळणारी मुलं, सगळे त्यावर. माणूस वाटेल तिथून पलीकडे जाई. मोटारीखाली कोणी सापडलं, तर लोक आणि वृत्तपत्रं दोष द्यायची ती चालकाला.

१९२० नंतर मोटारी वाढल्या तसे बळीही वाढले, आणि त्यांत लहान मुलं फार. १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली, की ताशी २५ मैलांच्या वर मोटार धावणारच नाही असं यंत्र तिच्यात बसवा. मोटार विकणाऱ्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी जोरात प्रचार केला आणि मतदानात ती मागणी पडली. पण वेगावर बंधन नको असेल, तर दोष दुसऱ्या कुणावर तरी ढकलायला हवा, हे त्या धंद्याला कळून चुकलं.

त्यासाठी शब्द तयारच होता. 'जे' म्हणजे तिकडच्या बोलीत गावंढळ, शहरात कसं वागावं ते न कळणारा. 'जे-ड्रायव्हर' ही शिवी १९०५ च्या सुमारास चुकीच्या बाजूने गाडी हाकणाऱ्यांसाठीही वापरली जात होती. ती मागे पडली आणि 'जेवॉकर' तेवढा उरला. १९२५ साली लॉस एंजेलिसने चालणाऱ्यांना बांधून घालणारे नियम केले, आणि पुढे इतर शहरांनी त्यांचा कित्ता गिरवला. आधी हसू केलं, मग गुन्हा केला.

आता तिथेच चक्र उलटं फिरतंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, टक्कर होण्याचा तात्काळ धोका नसेल तर पोलीस अशा माणसाला अडवू शकत नाहीत. न्यूयॉर्क शहराने १९५८ पासूनचा आपला नियम २०२४ साली रद्द ठरवला. २०२३ मध्ये तिथे ज्यांना दंडाच्या चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. नियम सर्वांना, दंड मात्र ठरावीक लोकांना! ब्रिटनमध्ये तर मोटरवेसारखे रस्ते सोडले, तर असा गुन्हाच नाही.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी. २०१७ च्या नियमांप्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांपाशी थांबून वाट देण्याचं बंधन चालकावर आहे. पणजीत किंवा म्हापशात असं थांबणारे किती दिसतात, ते तुम्हीच सांगा. पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावलंय.

बेफिकीरपणे धावत्या गाडीसमोर येणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण पदपथावर गाड्या उभ्या, पट्टे पुसलेले, आणि दंड मात्र बाजाराची पिशवी घेऊन निघालेल्या म्हातारीला, हा न्याय मला पटत नाही. आधी तिला चालायला जागा द्या. दंडाचं मग बघू.