कोंबडीची अंगपरीक्षा

आपल्याकडील पशुवैद्यकाचा इतिहास हा बव्हंशी राजाच्या पागेचा आणि पीलखान्याचा इतिहास आहे. अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा उभी राहिली, गजांसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद निर्माण झाला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त कोंबड्याला स्थान आहे, परंतु ते राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून, झुंजीच्या निमित्ताने. आंग्ल अमदानीतही हा क्रम फारसा पालटला नाही. 1886 साली परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, 1889 मध्ये पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि भयंकर सांसर्गिक रोगांचे जंतू दाट वस्तीपासून दूर असावेत म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या पहाडात, मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पण तिचे मुख्य लक्ष्य होते बुळकांडी, कारण बैल मेला की नांगर थांबे आणि नांगर थांबला की जमाबंदीचा वसूल थांबे. परसातल्या कोंबडीच्या मरणाची नोंद मामलेदाराच्या दप्तरात कशाला होणार?

तिची परीक्षा करणारे हात घरातच होते, आणि ते बहुतेक बायकांचे होते. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर जी कोंबडी सर्वांच्या मागून, पिसे फुलवून, मान अंगात ओढून बाहेर येते तिच्यावर प्रथम नजर ठरते. कारण हा पक्षी आपले दुखणे लपवितो आणि ते उघड दिसू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. मग तिला दोन्ही पंख अंगाशी धरून उचलावयाची. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरविले असता दोन्ही बाजूंना मांस भरीव लागले तर ठीक. हाड धारेसारखे बोचू लागले तर रोग जुना आहे असे समजावे. गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्रभरात रिकामी व्हावयास हवी. सकाळीही ती टणक भरलेली असेल तर दाणा आत अडकला आहे. फिका तुरा रक्तक्षय सांगतो, मग तो जंतांमुळे असो की रात्री फटींतून निघून रक्त पिणाऱ्या किड्यांमुळे. जांभळट तुरा रक्ताभिसरण मंदावल्याचे सांगतो. शेपटीखालची पिसे उलगडून उवा पाहावयाच्या, पायांवरचे खवले वर उचलले गेले आहेत का तेही पाहावयाचे. ज्या ज्ञानाला पोथी नव्हती त्यात इतकी सूक्ष्मता असावी, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

तथापि या विद्येची मर्यादा साथीच्या वेळी उघडी पडे. 1927 मध्ये मुक्तेश्वरच्याच टापूतील राणीखेत येथे कोंबड्यांवर एक नवा रोग आला, आणि एडवर्ड्स या संशोधकाने त्याचे वर्णन केले. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, हिरवट पातळ विष्ठा, लुळा पडलेला पंख, वाकडी झालेली मान ही लक्षणे आमच्या खेड्यांतील लोक मानमोडी म्हणून ओळखतात. पण जठराच्या ग्रंथींवरील रक्ताचे ठिपके मृत पक्षी फाडून पाहिल्यावाचून दिसत नाहीत. जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे वर्षभर आधीच आढळलेला रोग तोच, हे पुढे सिद्ध झाले. नंतर 1940 च्या दशकात मुक्तेश्वर येथेच या रोगाचा विषाणू कोंबडीच्या सजीव अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून सौम्य करण्यात आला आणि त्यापासून लस तयार झाली. प्रयोगशाळेने कोंबडीची दखल घेतली ती अशी, विलंबाने परंतु भरघोस.

आज एक सावधगिरी नव्याने शिकावी लागते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, भारतातील पहिलाच, आणि त्याचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले. म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, एकटीदुकटी कोंबडी मलूल दिसली तर तिला अवश्य हातात घेऊन तपासावे. परंतु एकाएकी अनेक पक्षी मरू लागले तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता, ते विकून न टाकता, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी.