मुलांची हिफाजत आणि खिदमतगारांची सुरक्षा : कायदा काय सांगतो, आपण काय करायचं?

मस्जिदीतलं मकतब, मोहल्ल्यातली मोफत अभ्यासिका, यतीमखाना, सुट्टीतला समर कॅम्प. आपल्याकडे मुलांसाठी झटणारे पुष्कळ आहेत आणि बरेच जण एक रुपया न घेता काम करतात. पण आपण दोन गोष्टी गृहीत धरतो. काम नेकीचं आहे म्हणजे मूल सुरक्षित आहे, आणि नियत साफ आहे म्हणजे काम करणाराही सुरक्षित आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत.

आमच्या भागातला एक तरुण संध्याकाळी मुलांना गणित शिकवायचा. एकदा उशीर झाला म्हणून त्यानं एका मुलीला गाडीवरून घरी सोडलं. लोक कुजबुजू लागले. हजेरीचं रजिस्टर नव्हतं, सोबत दुसरं कुणी नव्हतं, घरी फोनही केलेला नव्हता. मुलीनं आणि तिच्या अम्मीनं काही घडलं नाही असं सांगितलं, तरी पोरानं शिकवणं सोडलं. नुकसान वीस मुलांचं झालं.

कोणती मुलं?

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. यतीम, घर सोडून आलेली, मजुरी करणारी, छळ सोसणारी, ज्यांना सांभाळायला कुणी नाही अशी मुलं 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली' मानली जातात. त्यांच्याबाबत निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. असं मूल सापडलं तर परस्पर घरी ठेवून घेऊ नका. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते समितीसमोर न्यावं लागतं. अशा मुलांना ठेवणाऱ्या यतीमखान्याची या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. ट्रस्टची नोंदणी वेगळी, ही वेगळी.

मनमाड-भुसावळचा धडा

मे २०२३ मध्ये बिहारहून महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघालेल्या ५९ मुलांना मनमाड आणि भुसावळ स्थानकांवर उतरवलं गेलं. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले, मुलं बारा दिवस बालगृहात. पुढे तपासात तस्करी नव्हती, गैरसमज होता, असं निघालं आणि २०२४ मध्ये प्रकरण बंद झालं. पण गेलेले दिवस कोण परत देणार?

नुसत्या कागदांनी हे नक्की टळलं असतं असं मी म्हणत नाही. तरी मुलं बाहेरगावी नेताना वालिदैनचं सहीचं संमतीपत्र आणि फोन नंबर, मुलाचं आधार किंवा जन्मदाखला, मदरशाचं प्रवेशपत्र आणि मुलांची यादी जवळ हवीच. यादीची एक प्रत गावच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.

संशय आला तर

मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यातल्या या गोष्टी प्रत्येक ट्रस्टीला आणि शिक्षकाला पाठ हव्यात :

- अत्याचार कळला किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.
- चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.
- मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.
- पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. २०२० च्या नियमांनुसार समिती मुलासाठी सहायक व्यक्ती देऊ शकते. ती व्यक्ती तपासात आणि कोर्टात मुलासोबत राहते.

'इज्जतीचा सवाल आहे, जमातीत बसून मिटवू' हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. असं मिटवलं की गुन्हेगार दुसऱ्या मोहल्ल्यात जातो आणि मूल गप्प होतं. इज्जत मुलाची जात नाही, गुन्हा करणाऱ्याची जाते. मुलाचं नाव, फोटो, शाळा ग्रुपवर टाकणं हाही गुन्हा आहे.

प्रत्येक मकतब-अभ्यासिकेसाठी साधे नियम

१. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करा. ओळखीचा, नात्यातला असला तरी.
२. एक मोठा आणि एक मूल बंद खोलीत नको. दार उघडं, किंवा दोन मोठी माणसं.
३. हजेरीचं रजिस्टर ठेवा. मूल कधी आलं, कधी गेलं, कोण घेऊन गेलं.
४. मुलांशी रात्री खासगी चॅटिंग नको. निरोप वालिदैनच्या फोनवर.
५. संमतीशिवाय फोटो नको. राशन घेतानाचा तर नकोच.
६. मारहाण नाही. 'सबकसाठी' सुद्धा नाही.
७. मूल काही सांगू लागलं तर शांतपणे ऐका. उलटतपासणी करू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याचेच शब्द तारखेसह लिहा आणि कळवा.
८. कुणाविरुद्ध तक्रार आली तर चौकशी होईपर्यंत त्याला मुलांच्या कामातून बाजूला ठेवा. ही शिक्षा नाही. त्याची बदनामीही करू नका.

हे नियम कुणावर शक घेण्यासाठी नाहीत. रजिस्टर आणि उघडं दार मुलाला वाचवतं, तसंच प्रामाणिक खिदमतगारालाही वाचवतं. त्या गणित शिकवणाऱ्या पोराला एवढंच हवं होतं.

मदतीसाठी : चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास, मोफत. तातडीच्या प्रसंगी ११२. हे दोन्ही नंबर आज मकतबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, मुलांना वाचता येतील इतक्या उंचीवर.