गर्दीचा हजेरीपट : ‘एक्स्ट्रा’, संघटना आणि मराठी चित्रस्मृती

1960 साली प्रदर्शित झालेल्या के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’चे जयपूरशी दुहेरी नाते आहे. त्यातील शीशमहालाची प्रेरणा आमेरच्या किल्ल्यातील शीशमहालाची होती, हे सर्वश्रुत आहे. दुसरे नाते मात्र दुर्लक्षितच राहिले. युद्धप्रसंगात जे मोगल सैन्य दिसते त्यात भारतीय लष्कराच्या जयपूर घोडदळातील जवानांचा मोठा भरणा होता. 8,000 सैनिक, 2,000 उंट, 400 घोडे असे आकडे सांगितले जातात. ते प्रसिद्धीच्या हौसेने फुगले असण्याचा संभव गृहीत धरूनही एक गोष्ट लक्षणीय ठरते. या गर्दीचा हजेरीपट निर्मात्याकडे नव्हता, लष्कराकडे होता. प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि वेतन अन्यत्र निश्चित झालेले होते. आणि संघटना उभारण्याची मुभा त्यांना नव्हती. पडद्यावरच्या गर्दीत एरवी उभ्या राहणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी उलट असते. संघटना करण्याचा अधिकार त्याला आहे, पण त्याचे नाव बहुधा कोठेच नोंदलेले नसते.

हे नाव नोंदले जाण्याची प्रक्रिया मराठी चित्रपटाच्या इतिहासात कशी घडली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) साठी दादासाहेब फाळके यांनी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन नट शोधले. जे आले त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था दादरच्या घरी झाली आणि त्या सर्वांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला. सिनेमात काम करणे लाजिरवाणे मानले जात असल्याने, कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे सांगावे, ही युक्ती फाळक्यांनीच सुचविली होती. या विनोदी आख्यायिकेत एक गंभीर अर्थ दडलेला आहे. अभिनय हे ‘काम’ आहे याची पहिली कबुली एका लपवाछपवीतून दिली गेली. फॅक्टरी हा शब्द आला; कामगार हा शब्द यायला बराच अवधी लागला.

मधल्या काळात नाटक मंडळीचे बिऱ्हाड हाच आदर्श राहिला. व्ही. शांताराम 1914 मध्ये गंधर्व नाटक मंडळीत किरकोळ कामांसाठी दाखल झाले, 1920 मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि पुढे ‘सुरेखाहरण’ (1921) मध्ये कृष्ण म्हणून उभे राहिले. सेट उचलणारा, भालदार होऊन उभा राहणारा आणि नायक होणारा माणूस एकच असू शकत होता. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि 1933 मध्ये पुण्यास गेलेल्या ‘प्रभात’ने हीच रीत मासिक पगाराच्या चौकटीत बसविली. ‘संत तुकाराम’ (1936) मधील गावकऱ्यांचा जमाव आजही जिवंत वाटतो तो केवळ दिग्दर्शनामुळे नव्हे. तो जमाव एकत्र राबणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या संस्थेत घडलेला आहे, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र बिऱ्हाडात मायेला स्थान असते, हक्काला नसते.

हा भेद सर्वांत तीव्रतेने उघड केला तो एका तारकेने. जुलै 1939 मध्ये शांता आपटे यांनी करार आणि वेतनाच्या वादातून ‘प्रभात’च्या दारातच उपोषण आरंभिले. ‘कुंकू’ (1937) मधील नीरेने पडद्यावर जो नकार दिला होता तोच नटीने आता मालकांना दिला, असे तत्कालीन प्रेक्षकाला वाटले असल्यास नवल नाही. पाठोपाठ 1940 मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघाले. शीर्षकातील प्रश्नचिन्ह महत्त्वाचे आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती तारका नव्हे, उंबरठ्यावरची उमेदवार आहे. आणि तिला दिलेले उत्तर भांडवल, श्रम आणि शोषण यांच्या भाषेत आहे. तारकांच्या आठवणींपेक्षा हे लेखन वेगळ्या कुळातले आहे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (1970) घराच्या गरजेपोटी कोवळ्या वयात या व्यवसायात आलेल्या स्त्रीची कहाणी सांगते, पण ती एका ‘मी’ची कहाणी आहे. आपट्यांचे पुस्तक प्रश्नकर्तीला वर्गात सामील करून घेते. तरीही त्यांचे उपोषण एकटीचे होते हे विसरता येत नाही. करार मोडला असे म्हणण्यासाठी आधी करार असावा लागतो. रोजावर येणाऱ्या ‘एक्स्ट्रा’पाशी तो नव्हता, त्याच्यापाशी होता तो सप्लायर, जो त्याला आणत असे आणि मजुरीतला वाटा कापून घेत असे.

स्टुडिओंची पगारी व्यवस्था मोडल्यानंतर मुंबईत हा सप्लायरच मध्यवर्ती ठरला आणि त्याच्याच विरोधात, पण बरेचदा त्याच्यासह, संघटना उभ्या राहिल्या. पुरुषांची ज्युनियर आर्टिस्ट असोसिएशन आणि स्त्रियांचा महिला कलाकार संघ असे दोन निराळे संघ झाले. दोन्ही फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजशी संलग्न. ‘एक्स्ट्रा’ऐवजी ‘ज्युनियर आर्टिस्ट’ हे नामांतर केवळ शिष्टाचाराचे नव्हते. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे गरजेहून अधिक, वगळता येण्याजोगा. ‘ज्युनियर’ला निदान श्रेणीत जागा असते. अर्थात ती श्रेणीही निर्मम निघाली. मेजवानीच्या दृश्यात शोभणारा ‘डिसेंट’ आणि रस्त्यावरच्या गर्दीत खपणारा सामान्य, अशी चेहऱ्यामोहऱ्यावरून वर्गवारी रूढ झाली आणि मजुरीही त्याप्रमाणे बदलली.

1981 च्या सिने-कामगार कायद्याने लेखी करार बंधनकारक केला आणि मध्यस्थामार्फत नेमणूक झाल्यास निर्माता व मध्यस्थ दोघांनाही त्या करारात ओढले. सप्लायरचे अस्तित्व विधिमंडळाने मान्य केले, असाही याचा अर्थ होतो. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत तो कायदा सामावला गेला.

संघटनेच्या बळाची कसोटी ऑक्टोबर 2008 मध्ये लागली. थकलेली मजुरी आणि कामाचे तास या प्रश्नांवर मुंबईतील सिने-कामगारांनी काम बंद ठेवले, तेव्हा नामवंत ताऱ्यांनाही त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले. आपट्यांचे एकाकी उपोषण आणि ही सामूहिक कामबंदी यांत सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. पण फेडरेशनची दुसरी मागणी, सभासदांनाच काम मिळावे ही, नवागताच्या मुळावर येणारी होती. कार्ड नाही म्हणून काम नाही. सेटवर कार्डे तपासणारी दक्षता पथके हा त्याचा दृश्य आविष्कार. 31 ऑक्टोबर 2017 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने असे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवून ते थांबविण्याचा आदेश दिला. ज्या हजेरीपटाने निनावी माणसाला नाव मिळवून दिले, त्याच हजेरीपटाबाहेर उभ्या असलेल्या माणसाची बाजू कायद्याला घ्यावी लागली. आणि ती घेताना आयोगापुढे कामगाराचा हक्क नव्हे, बाजारपेठेतील मुक्त प्रवेश हा निकष होता. 1940 च्या शीर्षकातील उमेदवाराला तो निकष अनोळखीच वाटला असता.