होगार्थचं तांबं आणि सप्रे सरांचं लाकूड

विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) हा इंग्लंडचा चित्रकार समाजाची टर उडवायचा, तीही तांब्याच्या पत्र्यावर कोरून. पत्र्यात शाई भरायची, कागद दाबायचा. एका पत्र्यातून शेकडो प्रती. लोक त्या चोरून छापू लागले, तेव्हा त्याच्या खटपटीने १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या हक्कांचा कायदा झाला. १७५१ मध्ये दारूच्या व्यसनावरचं ‘जिन लेन’ त्याने स्वस्तात विकलं, म्हणजे ते दूरवर पोचावं. आज ते टिकून आहे, ते प्रती भरपूर म्हणूनही.

आता आपल्या चंद्रपूरकडे या. व्यंगचित्रकार आणि काष्ठशिल्पकार मनोहर सप्रे डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांची व्यंगचित्रं छापलेली आहेत. शोधली तर सापडतील. काष्ठशिल्पाचं तसं नाही. वाळक्या लाकडात दडलेला आकार ओळखायचा आणि नको तेवढंच काढायचं. दुसरं तसं लाकूड मिळत नाही, म्हणून प्रत एकच. वाळवी लागली की संपलं!

तुमच्याकडे सरांचं एखादं शिल्प असेल तर चहूबाजूंनी फोटो काढा. माप, लाकूड आणि ते कधी मिळालं, एवढं लिहून ठेवा. इतिहासाला पुरावा लागतो, आणि तो सध्या आपल्याच घरात आहे.