अझेलिया आणि चोपण

मेहुण्यानं दार्जिलिंगहून अझेलियाचं रोप आणलं. "दाजी, बारा महिने हिरवं राहतं हे! वसंतात तर फुलांपुढे पान दिसत नाही." बारामतीत बारा महिने हिरवा दिसतो तो ऊस, तेव्हा फार चौकशी न करता मी ते अंगणात लावलं. महिन्याभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवलं. रोप आणखी पिवळं झालं.

लिनियसनं १७५३ साली या झुडपांना नाव दिलं, तेही 'कोरडा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून! नावावर गेलं, तर इंदापूर तालुक्यात अझेलियाचं रान माजायला हवं होतं. प्रत्यक्षात या गृहस्थाला लागते ओलसर, निचऱ्याची, पाचोळ्याची आंबट माती. सामू साडेचार ते सहा. आमची काळी माती आठाच्या पुढे. तिच्यात लोह असतं, पण चुनखडी ते मुळांच्या हाती लागू देत नाही. भरल्या ताटावर बसून उपास!

इंदापूरहून आमचे चुलतबंधू अण्णा आले. त्यांनी माती चिमटीत चोळली आणि म्हणाले, "तू पणजोबांवर गेलास."

ते खरंच होतं. नीरेचा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागलं. पणजोबांनी त्या पाण्याला नारळ वाहिला, असं घरात सांगतात. पोटाला चिमटा घेतलेल्या माणसाच्या दारी पाणी आलं, तर तो मोजून घेईल कशाला? शिवाय पट्टी पिकाच्या एकरावर, पाण्याच्या मापावर नव्हे. ऊस पिवळा पडला की द्या पाणी! ते मुरत गेलं, जमिनीखालची पातळी वर आली, उन्हानं वाफ झाली आणि मीठ तेवढं मागे राहिलं. आमचं खालचं रान काळ्याचं पांढरं झालं. चोपण! तिथे पुढे गवतसुद्धा धड येईना.

१९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले डॉ. हॅरल्ड मॅन. त्याआधी ते आसामच्या चहामळ्यांसाठी काम करणारे शास्त्रज्ञ. चहालाही अझेलियासारखीच आंबट माती लागते. असा आंबटातला माणूस आमच्या खाऱ्यात येऊन पडला! १९१० साली ताम्हणे यांच्याबरोबर त्यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. दुखणं कळलं, पण औषध कष्टाचं: चर खणा, निचरा करा, जिप्सम टाका, मीठ धुऊन काढा. अण्णांची निम्मी हयात त्या चरांत गेली. त्यांनी मलाही पोतंभर जिप्सम देऊ केलं, ते मी नम्रपणे परत पाठवलं. जिप्सम चोपण सोडवतं. आंबटपणा आणत नाही.

मी रोप कुंडीत हलवलं. खाली खापऱ्या, वर कुजका पाचोळा आणि नारळाचा भुसा, दुपारी सावली. कालव्याचं पाणी बंद. पावसाळ्यात पन्हळीखाली भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी रोज एक तांब्या. दुसरा तांब्या उचलला की स्वयंपाकघरातून "अहो!" असा आवाज येतो.

यंदा फाल्गुनात दोन फुलं आली. गुलाबी, कागदासारखी. अण्णांना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"दोन का?" ते म्हणाले. "खालच्या रानात यंदा तीन सऱ्या उगवल्यात."

फुलं सोडून मी त्यांच्याबरोबर इंदापूरला गेलो.