लुटीचे कूळ

बंगळूरहून कोलारकडे निघाले की होसकोटे लागते. कन्नडात याचा अर्थ नवा कोट. सुगतूरच्या पाळेगारांचा हा कोट पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आला आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे फौजांच्या वाटेवरच राहिला. 1761 साली निजामाच्या भावाने, बसालतजंगाने, त्याला वेढा घातला. ऑगस्ट 1768 मध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांचे साथीदार म्हणून इथे तळ देऊन होते. म्हैसूरच्या हैदरअलीने रात्री त्यांच्या छावणीवर छापा घातला. जखमी झालेला एक हत्ती सोंडेत साखळदंड धरून हैदरच्याच स्वारांवर उलटला आणि छापा फसला, असे म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या विल्क्सने लिहिले आहे.

हत्ती इतिहासात राहिला. आसपासच्या शेतांचे, कणगींचे काय झाले, ते विल्क्सने लिहिले नाही.

त्या शेतांपुरता सगळ्या फौजांचा शब्द एकच होता : लूट. संस्कृत ‘लुण्ट्’ धातूचा हा वंशज. ‘लुण्टाक’ म्हणजे दरोडेखोर. दाणागोटा परमुलखातून उचलायचा आणि पगार थकला की लुटीवर भागवायचे, ही जुनीच रीत. शिवाजीमहाराजांनी तिला लगाम घातला. लूट सरकारात जमा करावी, असा दंडक बखरकार सभासदाने नोंदवला आहे. 1673 च्या चिपळूणच्या पत्रात तर महाराज रयतेचा दाणा-वैरण विकत घ्यायला बजावतात. असे बजावावे लागले, यातच लष्कराची सवय दिसते. पुढे हा लगाम सुटला आणि फौजेमागून पेंढारी चालू लागले. इंग्रजांनी तर लुटीबरोबर हा शब्दही विलायतेला नेला.

आपल्या घरात मात्र तो पालटला. दसऱ्याला आपण सोने लुटतो, संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे देतात. दसऱ्याला सीमा ओलांडून मोहिमेवर जाणाऱ्यांच्या घरी लुटीला आनंदाचा अर्थ चिकटला असावा, असे मला पूर्वी वाटे. ज्यांच्या घरी लूट आली, त्यांनाच तो शब्द गोड लागणार.

पण कन्नड हा तर्क टिकू देत नाही. तिथे ‘लूटी’ आहे, ‘कोळ्ळे’ आहे आणि जुना ‘सूरे’ही आहे. सूरे म्हणजे लूटच. तरीही गाणे मन मोहून टाकते, तेव्हा कन्नड माणूस म्हणतो, ते ‘मनसूरेगोळ्ळुत्तदे’ : मन लुटून नेते. इतक्या फौजा ज्यांच्या अंगणातून गेल्या, त्यांनीही हा शब्द गाण्यासाठी राखून ठेवला.