आमेरच्या परिसरातील ख्रिस्ती श्रद्धा आणि भय

श्रद्धेचा इतिहास बहुधा धैर्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रक्तसाक्ष्यांच्या चरित्रांत भयाला स्थान मिळते ते केवळ जिंकले जाण्यापुरते. संकट येते, भक्त अविचल राहतो आणि चरित्रकार कृतार्थ होतो. अशा लेखनाचे वाङ्मयीन मूल्य काहीही असो, ऐतिहासिक सत्याच्या दृष्टीने ते अपुरे असते. भय खरे होते, त्याने माणसाला काही काळ तरी नमविले होते, हे मान्य केल्यावाचून भयावरील विजयाला अर्थच उरत नाही. ख्रिस्ती धर्माच्या भारतीय इतिहासात हा प्रश्न जितक्या स्वच्छपणे आमेरच्या परिसरात दिसतो, तितका तो गोव्यासारख्या सत्तेच्या छायेत वाढलेल्या प्रदेशात दिसत नाही. आमेरकडे ख्रिस्ती धर्माजवळ ना राज्य होते, ना फौज, ना मोठा समाज. जे काही होते ते थोड्या माणसांच्या अंतःकरणात होते.

आमेरच्या पश्चिमेस सुमारे साठ-सत्तर किलोमीटरांवर सांभरचे खारे सरोवर आहे. ह्याच सांभर येथे १५६२ मध्ये आमेरच्या राजा भारमलाच्या कन्येचा अकबराशी विवाह झाला आणि कछवाह्यांचे घराणे मोगल साम्राज्याचा एक आधारस्तंभ बनले. ह्या राजकन्येच्या पोटी जहांगीर जन्मला. सांभरची मिठागरे ही बादशाही उत्पन्नाची मोठी बाब होती. तिची व्यवस्था पुढे मिर्झा झुल्करनैन नावाच्या एका अर्मेनियन ख्रिस्ती गृहस्थाकडे आली. त्याचा पिता मिर्झा सिकंदर अकबराच्या पदरी होता. आई लहानपणीच वारल्यामुळे झुल्करनैन व त्याचा धाकटा भाऊ हे दोघे बादशाही अंतःपुरात वाढले. कुळ अर्मेनियन, धर्म ख्रिस्ती, भाषा फार्सी आणि हिंदी, संस्कार मोगल दरबाराचे, असे हे मिश्र जीवन होते. आणि ह्या मिश्रणातच त्याच्या पुढील संकटाचे बीज होते.

जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला. त्यानंतर लवकरच त्याने ह्या दोन मुलांना इस्लाम स्वीकारण्याची आज्ञा केली. थोरला जेमतेम चौदा वर्षांचा, धाकटा त्याहूनही लहान. जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत ह्या प्रसंगाचा वृत्तान्त आहे. मुलांनी नकार दिला. त्यांची बळाने सुंता करण्यात आली. फटक्यांच्या माराखाली त्यांच्या तोंडून कलमा वदविण्यात आला. रक्तसाक्षीच्या चरित्राला जो शेवट हवा असतो तो येथे नाही. मुले मेली नाहीत, ती वाकली. परंतु कथा तेथे संपत नाही. पुढे त्याच मुलांनी आपण ख्रिस्तीच आहोत असे उघडपणे सांगितले आणि अखेरीस बादशहाने त्यांना त्यांच्या धर्माने राहू दिले.

ह्या प्रसंगाचे मर्म दुसऱ्या कृतीत आहे, पहिल्या नकारात नव्हे. पहिला नकार देताना ती मुले पुढे काय वाढून ठेवले आहे हे अनुभवाने जाणत नव्हती. दुसऱ्या वेळी त्यांना फटका म्हणजे काय हे अंगावरच्या वळांनी सांगितले होते. शिवाय आपण एकदा हरलो आहोत ही लाजही सोबत होती. पराभूत झालेल्याला भयापेक्षा ही लाज अधिक बांधून ठेवते. एकदा शब्द उच्चारला, आता मागे कोणत्या तोंडाने फिरावे, असे त्याला वाटते. ख्रिस्ती परंपरेत ह्या अवस्थेचे एक आदिरूप आहे. ख्रिस्ताला धरून नेल्यावर पेत्राने त्याला तीनदा नाकारले, आणि तोच पेत्र पुढे मंडळीचा आधार ठरला. सांभरच्या ह्या मुलांना ती कथा ठाऊक असणारच. श्रद्धेने त्यांना दिलेले बळ निर्भयतेचे नव्हते. हरल्यानंतरही परत येता येते, ह्या विश्वासाचे ते बळ होते.

जहांगिराला केवळ क्रूर म्हणून बाजूस सारणे हेही इतिहासाला धरून होणार नाही. ह्याच बादशहाने १६१० मध्ये आपल्या तीन पुतण्यांना, शाहजादा दानियालच्या मुलांना, आग्र्यात उघडपणे बाप्तिस्मा घेऊ दिला. त्या राजपुत्रांनी काही वर्षांतच तो धर्म सोडला. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ हे जहाज पकडले. ते जहाज जहांगिराच्या आईच्या, म्हणजे आमेरच्या त्याच राजकन्येच्या, मालकीचे होते. त्याबरोबर आग्र्याचे देवालय बंद करण्याचा हुकूम निघाला आणि पाद्र्यांचे वेतन थांबले. समुद्रावर एका ख्रिस्ती सत्तेने केलेल्या लुटीची झळ शेकडो कोस आत राहणाऱ्या निरपराध ख्रिस्ती माणसांना लागली. तेथील अनिश्चितता अशी होती. सतत छळ होता असे नव्हे. आज कृपा, उद्या कोप, आणि दोहोंचे कारण आपल्या हाती नाही, हे तिचे स्वरूप होते. सतत छळापेक्षा असे जिणे माणसाचा धीर अधिक झिजविते.

अशा काळात झुल्करनैन मोठा झाला आणि वडिलांप्रमाणे सांभरच्या मिठागरांचा कारभार पाहू लागला. जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात त्याला सांभरची फौजदारी दिल्याची नोंद केली असून त्याच्या कार्यदक्षतेची आणि हिंदी गीतरचनेतील कौशल्याची प्रशंसा केली आहे. ज्या प्रसंगाने जेझुइटांची पाने भरली, त्याविषयी तेथे अवाक्षर नाही. दोन प्रकारच्या साधनांतील हा भेद समीक्षकाने लक्षात घेण्याजोगा आहे. पाद्र्यांच्या पत्रांत झुल्करनैन हा धर्मवीर आहे, गायक नाही. बादशहाच्या लेखी तो कुशल चाकर व गीतकार आहे, श्रद्धावान नाही. खरा माणूस ह्या दोहोंच्या मधे कोठेतरी आहे. तो आग्र्याच्या जेझुइट विद्यालयाला उदार हस्ते द्रव्य देत होता, आणि ज्या दरबाराने त्याला फटके मारले होते त्याच दरबारासाठी पदेही रचीत होता. भयावर मात केलेल्या माणसाने जगाशी वैर धरलेच पाहिजे असे नाही, हे त्याचे आयुष्य दाखविते.

कसोटी मात्र एकदाच येऊन थांबली नाही. १६३२ मध्ये शाहजहानाच्या सैन्याने हुगळीचे पोर्तुगीज ठाणे जिंकले आणि पुढच्या वर्षी तेथील ख्रिस्ती कैदी आग्र्यास आणण्यात आले. त्या लाटेत झुल्करनैनलाही अटक, छळ व जबर दंड सोसावा लागला. आता तो चाळिशीतला, मानमरातब भोगलेला पुरुष होता. गमावण्यासारखे पुष्कळ होते. ह्या वेळी तो डळमळला नाही. पुढे त्याच्यावर पुन्हा मर्जी झाली आणि १६५६ च्या सुमारास त्याचे निधन झाले. प्रौढ वयातील ही स्थिरता आणि मुलपणीचा तो पराभव ह्यांना एकमेकांपासून तोडता येणार नाही. वाकूनही परतता येते हे जो एकदा शिकला, त्याच्यावरची भीतीची अर्धी सत्ता तेव्हाच सरली होती.

ह्याच्या शेजारी गोव्याचे चित्र ठेवले म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. अकबराच्या दरबारातून परतलेला रुदोल्फो आक्वाविवा जुलै १५८३ मध्ये गोव्यातील कुंकळ्ळी येथे साथीदारांसह मारला गेला. त्याची व इतरांची प्रेते मिळविण्याच्या कामी पुढाकार घेणारा पाद्री म्हणजेच ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स. आक्वाविवाचे धैर्य निःसंशय होते. परंतु कुंकळ्ळीच्या लोकांच्या मनातही भय होते, आणि ते पोर्तुगीज सत्तेचे होते. देवळे पाडली जात होती, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल चालू होता. जेथे राज्य धर्माच्या पाठीशी असते तेथे भय दुसऱ्याच्या वाट्याला जाते, आणि श्रद्धेची शुद्ध परीक्षा होत नाही. स्टीफन्सच्या १६१६ च्या ओवीबद्ध ग्रंथाचे मोठेपण ह्या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्याने दटावणी दिली नाही; त्यांच्याच मराठीत, त्यांच्याच छंदात एक पुराण दिले. सांभरचा फौजदार हिंदी पदे रचीत होता त्याच सुमारास हे घडत होते, हा योगायोग मननीय आहे. दोघांनीही परक्या ठरलेल्या धर्माला देशी वाणीत घर शोधले.

आमेरच्या कथेचा उत्तरार्ध अधिक शांत आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले आणि ज्योतिषाच्या ओढीने जेझुइटांना जवळ केले. आग्र्याचे पाद्री मान्युएल द फिगेरेदो त्याच्यासाठी पोर्तुगालला जाऊन आले. १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिये व पाँ हे दोघे वाटेत वेध घेत जयपुरास पोहोचले. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. त्या उद्ध्वस्त मार्गांनी १७४० मध्ये गाबेल्सपेर्गर आणि स्ट्रोब्ल हे दोन बव्हेरियन पाद्री जयपुरात आले. एका वर्षातच गाबेल्सपेर्गर तेथे वारला, स्ट्रोब्ल राहिला. १७४३ मध्ये राजाच वारला आणि ज्याच्या भरवशावर सारे उभे होते तो आधार गेला. त्याच वर्षी जयपूरसाठी म्हणून भारतात उतरलेल्या टीफेनथालरला आग्र्याची वाट धरावी लागली. त्याने हाय खाल्ली नाही. चार दशके उत्तर हिंदुस्थानाचा भूगोल अभ्यासीत तो १७८५ मध्ये लखनौ येथे मरण पावला. ह्या माणसांच्या आयुष्यात नाट्य थोडे आहे. रोजचा वेध, रोजची प्रार्थना आणि शेजारच्या सोबत्याची कबर, ह्यांतच त्यांची श्रद्धा व्यक्त झाली.

मराठी वाचकाने ह्या संदर्भात एक गोष्ट विसरू नये. त्या दशकांत जयपूरच्या मनावर जे भय दाटले होते त्याचे एक नाव मराठे हे होते. १७५० च्या अखेरीस होळकरांची फौज जवळ येताच जयसिंहाचा पुत्र ईश्वरीसिंह ह्याने विष घेतले. जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. भयाने भय जन्मास घातले. त्याआधी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पाने वसई घेतली तेव्हा तेथील ख्रिस्ती प्रजेची राजसत्ता एका दिवसात नाहीशी झाली. फिरंगी सरदार आणि परदेशी पाद्री बहुतेक निघून गेले. मागे राहिलेल्यांना तहाने स्वधर्माने वागण्याची मुभा दिली आणि देशी पाद्र्यांनी देवळे सांभाळली. त्या समाजाचे वंशज आजही मराठीच्या सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलतात. गोव्यात जी परीक्षा होऊ शकली नव्हती ती वसईत झाली. सत्ता गेल्यावर श्रद्धा उरते की नाही, ह्याचे उत्तर शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी दिले.

सांभर, जयपूर आणि वसई ह्या तीन ठिकाणांची साक्ष एकच आहे. अनिश्चित काळात श्रद्धा माणसाला भयापासून मुक्त करीत नाही; सत्ताधाऱ्याची मर्जी, समुद्रावरील लढाई किंवा राजाचा मृत्यू ह्यांवर तिचा काही उपाय चालत नाही. ती देते ते एवढेच, की भयाने पाडलेला माणूस आपल्या जागी परत येऊ शकतो आणि हातचे काम पुन्हा सुरू करू शकतो. हे देणे लहान वाटेल. परंतु फटक्यांखाली कलमा म्हणणारा आणि तरीही पुढे आपला धर्म उघडपणे सांगणारा तो मुलगा ज्याने नीट पाहिला, तो त्याला लहान म्हणणार नाही. धर्मचरित्रांनी ह्या मुलाचे वाकणे झाकू नये. त्याच्या परतण्याची किंमत त्या वाकण्यानेच कळते.